ग्रीकांचं 'तर' आणि 'ना'

एका साध्या मराठी वाक्यापासून सुरुवात करू या. 'तू आलास.' दोन शब्द, माहिती पूर्ण. आता त्यात एकेक चिमूटभर शब्द घालून बघा. तू तर आलास. तूच आलास. तूही आलास. तू आलास ना? तू आलास की! तू आलास म्हणे. आलास बुवा एकदाचा! येणारा तोच, येणंही तेच, माहितीत काडीचा फरक नाही. पण बोलणाऱ्याला आनंद झालाय की वैताग आलाय, त्याला दुसऱ्या कुणाचीतरी वाट पाहायची होती का, त्याने हे स्वतः पाहिलंय की नुसतं ऐकलंय, हे सगळं त्या एकदोन अक्षरांत आहे. स्वयंपाकातल्या मिठासारखं. पानात दिसत नाही, पण नसलं की पहिल्याच घासाला कळतं.

गेली काही वर्षं मी हौसेखातर प्राचीन ग्रीक वाचतोय. रीतसर शिक्षण नाही, कुठली परीक्षा नाही. एक व्याकरण, एक जाडजूड कोश आणि रात्री जेवणं आटोपल्यावरचा तासभर. नातेवाईक विचारतात, "याचा उपयोग काय?" उपयोग काहीही नाही :-) पण या तासभरात मला सगळ्यात जास्त कुणी झुलवलं असेल, तर ते होमरच्या अवघड शब्दांनी नाही आणि क्रियापदांच्या शेकडो रूपांनीही नाही. मेन, दे, गार, गे, आरा, तोइ असल्या एकदोन अक्षरी शब्दांनी. ग्रीक पानावर हे शब्द तिळासारखे पसरलेले असतात. आणि मजा म्हणजे त्यांचं काय करायचं, हा प्रश्न खुद्द ग्रीकांनाही पडला होता.

ग्रीक व्याकरणात या शब्दांना 'सुन्देस्मोस' म्हणतात, म्हणजे बांधणारा, जोडणारा. शाळेतलं उभयान्वयी अव्यय आठवतंय ना? तेच, पण त्याचा संसार बराच मोठा. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात या गटाला स्वतःचा अर्थ नसलेला ध्वनी म्हटलं आणि उदाहरणांत 'मेन' आणि 'दे' यांची नावं दिली. पुढे अलेक्झांड्रियाच्या परंपरेतल्या डायोनिशियस थ्रॅक्सच्या नावावर असलेलं एक छोटंसं व्याकरण (इ.स.पू. दुसरं शतक) युरोपात शतकानुशतकं पाठ्यपुस्तकासारखं चाललं. त्यात शब्दांच्या आठ जाती आहेत आणि हे जोडशब्द त्यातली शेवटची जात. त्यांचे पोटभेद करत करत शेवटी एक गट उरतो, त्याचं नाव 'भरणा करणारे'. वृत्तासाठी किंवा शोभेसाठी घातलेले, एवढंच त्यांचं काम.

हे वाचून संस्कृत शिकलेल्या कुणालाही यास्क आठवेल. निरुक्तात यास्काने शब्दांचे चार वर्ग केले: नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. निपातांचे पुन्हा तीन प्रकार: उपमा दाखवणारे, अर्थांची जोड घालणारे, आणि तिसरे पदपूरण, म्हणजे जागा भरणारे. ग्रीकांच्या भरणा करणाऱ्यांचे हे सख्खे भाऊच! दोन देशांतल्या व्याकरणकारांनी आपापली भाषा बारकाईने तपासली आणि दोघांच्याही हाती शेवटी काही शब्द असे उरले, की ज्यांना कुठल्याच खणात बसवता येईना. मग दोघांनीही अडगळीचा एक खण केला.

त्या अडगळीवर हरकत घेणारा माणूस इसवीसनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात झाला. अपोलोनियस त्याचं नाव. लोक त्याला 'डिस्कोलस' म्हणत, म्हणजे तुसडा, खडूस. या खडूस माणसाने केवळ जोडशब्दांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्यात भांडून सांगितलं की या भरताडाच्या शब्दांनाही अर्थ असतो, ते नुसते भोकं बुजवायला नसतात. मला हा मनुष्य फार आवडतो.

अपोलोनियसचं म्हणणं पटायचं असेल तर ग्रीक पुस्तक त्या काळी कसं दिसायचं ते डोळ्यांसमोर आणायला हवं. पपायरसच्या गुंडाळीवर उभे रकाने, आणि त्यात अक्षराला अक्षर चिकटवून लिहिलेला मजकूर. दोन शब्दांत जागा नाही. विरामचिन्हं जवळजवळ नाहीत. इ.स.पू. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियातल्या एका ग्रंथपालाने ठिपक्यांची पद्धत काढली असं मानतात, पण तीही सर्रास वापरात आली नाही. ज्यांनी मोडी कागद पाहिलेत त्यांना हे नवं वाटणार नाही. तिथेही शब्द न तोडता सलग लिहीत जायचं, आणि मग 'त्यास', 'ऐशियास' असे शब्द आले की वाचणाऱ्याला कळायचं, की आता पुढचा मुद्दा आला. ग्रीकांचे हे छोटे शब्द तेच काम करत. पूर्णविराम, स्वल्पविराम, नवा परिच्छेद, अवतरणचिन्ह, उद्गारचिन्ह, सगळं त्यांच्याच गळ्यात. फरक इतकाच की आपली विरामचिन्हं डोळ्यांना दिसतात आणि त्यांची कानाला ऐकू येत.

यांतल्या बहुतेकांना वाक्याच्या सुरुवातीला उभं राहायची परवानगी नाही. पहिला शब्द दुसऱ्या कुणाचा, त्यामागे हे. संस्कृतमधल्या 'च', 'तु', 'हि' यांचंही तेच. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या याकोब वाकरनागेलने १८९२ साली एक मोठा लेख लिहून दाखवलं, की वाक्यात दुसऱ्या जागेवर जाऊन बसण्याची ही खोड ग्रीक, संस्कृत, लॅटिन या सगळ्या बहिणींना मुळातूनच आहे. आज भाषाशास्त्रात हा नियम त्याच्याच नावाने ओळखला जातो. (हाच वाकरनागेल संस्कृतच्या एका प्रचंड व्याकरणाचाही कर्ता.) ग्रीक 'ते', लॅटिन 'क्वे' आणि संस्कृत 'च' हे तर एकाच पूर्वजाची लेकरं आहेत. तिघांचाही अर्थ 'आणि', आणि तिघेही जोडलेल्या शब्दाच्या मागून चालणारे. आपला मराठी 'च' मात्र जोडायचं सोडून ठासून सांगायच्या कामाला लागला, हे वेगळं.

आता 'मेन' आणि 'दे'ची जोडी. इंग्रजी पाठ्यपुस्तकं यांचा अर्थ 'एका बाजूला' आणि 'दुसऱ्या बाजूला' असा शिकवतात. त्यामुळे भाषांतरात प्रत्येक ग्रीक माणूस वकिलासारखा बोलायला लागतो. मराठी माणसाला इतकं लांब जायची गरजच नाही. 'जेवण तर झालं...' असं कुणी म्हटलं की आपण पुढच्या 'पण'ची वाट बघतो. तो 'तर' म्हणजे 'मेन'. आणि मागून येणारा 'पण' किंवा 'आणि मग' म्हणजे 'दे'. कधीकधी 'पण' येतच नाही. 'मी तर नाही घेतले पैसे,' एवढंच म्हणून माणूस थांबतो आणि घरातले सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. ग्रीकमध्येही असा एकटा 'मेन' सापडतो, आणि न बोललेलं अर्धं वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात टाकून देतो.

या जोडीची पकड किती लांबवर जाते त्याचं एक सुंदर उदाहरण हिरोडोटसमध्ये आहे. त्याच्या इतिहासाचे आज नऊ भाग छापले जातात, पण ही विभागणी त्याची नाही, ती नंतरच्या काळातली. आठव्या भागाचं शेवटचं वाक्य असं, की अथेन्सचा जबाब ऐकून स्पार्टाचे दूत घरी परतले. त्यात 'मेन' आहे. नवव्या भागाचं पहिलं वाक्य पर्शियन सेनापती मार्डोनियसचं, आणि त्याच्या नावामागे 'दे'. म्हणजे हे तर गेले घरी, तिकडे मार्डोनियस मात्र अथेन्सवर चालून निघाला. एक श्वासात म्हणायची गोष्ट, आणि विभाग पाडणाऱ्याची कात्री नेमकी तिच्या मधून गेली! आज दोन भागांच्या मध्ये कोरं पान असतं, नवं शीर्षक असतं, टीपा असतात. पण ते 'मेन' आणि 'दे' अडीच हजार वर्षं एकमेकांचा हात धरून बसलेत.

झेनोफोनने तर याहून धाडस केलं. थुसिडिडीसचा इतिहास इ.स.पू. ४११ च्या घटनांपाशी अर्धवट तुटतो. झेनोफोनने आपला इतिहास तिथून पुढे सुरू केला, आणि कसा? ना प्रस्तावना, ना स्वतःचं नाव. 'त्यानंतर' अशा अर्थाचे शब्द आणि त्यांत दुसऱ्या जागी 'दे'. पुस्तकाची सुरुवात चालू गोष्टीच्या मधूनच. कुणीतरी बोलता बोलता थांबलं आणि शेजारच्याने 'तर मग पुढे...' म्हणून धागा उचलला, तसं.

काही शब्द मात्र वाक्यांना न जोडता माणसांना जोडतात. 'गे' घ्या. ग्रीकमध्ये 'मी' म्हणजे 'एगो', आणि 'एगोगे' म्हणजे 'मी तरी', 'माझं विचाराल तर'. 'तोइ' हा मुळात 'तुला' या अर्थाचा शब्द होता (संस्कृतमधला 'ते' आठवा), तो झिजून झिजून 'बरं का', 'सांगून ठेवतो हं' इतका उरला. 'दे'चा उच्चार लांबवला की 'देऽ' हा निराळाच शब्द होतो. कधी तो 'उघडच आहे' असं सांगतो, तर कधी तिरकसपणे 'म्हणे' सुचवतो. आणि माझा सगळ्यात लाडका 'आरा'. एखादी गोष्ट आधीपासूनच खरी होती पण आत्ता डोक्यात प्रकाश पडला, असं असेल तर ग्रीक माणूस भूतकाळी क्रियापदाबरोबर 'आरा' वापरतो. कोशकार याचा अर्थ सांगताना घामाघूम होतात. मराठीत तो सरळ सांगता येतो: 'अच्छा, तो तूच होतास तर!' यातला शेवटचा 'तर' म्हणजे 'आरा'.

ऑक्सफर्डच्या जे. डी. डेनिस्टनने १९३४ साली फक्त या शब्दांवर सहाशे पानांचं पुस्तक लिहिलं. तो गेल्यावर के. जे. डोव्हरच्या देखरेखीखाली १९५४ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली, आणि आजही ग्रीक शिकणारा फिरून तिथेच येतो. सहाशे पानं, आणि विषय काय, तर 'तर', 'ना', 'बरं का'! पण वाचायला लागलं की कळतं, हा माणूस दोन हजार वर्षांपूर्वी विझलेल्या आवाजांचे चढउतार कागदावरून परत ऐकायचा प्रयत्न करतोय.

हे शब्द माणसाच्या किती आत शिरलेले असतात, ते एका जर्मन पंडिताने वेगळ्याच वाटेने दाखवलं. प्लेटोचे संवाद कोणत्या क्रमाने लिहिले गेले, याची नोंद कुणी ठेवलेली नाही. विचारांवरून क्रम लावायला गेलं तर जो तो आपल्याला हवा तसा लावतो. विल्हेल्म डिटेनबर्गरने १८८१ साली विचार बाजूला ठेवले आणि चिल्लर मोजली. संवादात होकार देताना 'नाही तर काय!' अशा अर्थाचा 'ती मेऽन' हा एक छोटा प्रयोग येतो. (हा 'मेऽन' लांब उच्चाराचा, आपल्या 'मेन'चा थोरला भाऊ.) काही संवादांत तो एकदाही नाही आणि काहींत वारंवार आहे. त्याच्या जोडीला अशाच आणखी दोनेक प्रयोगांची मोजदाद केली, तेव्हा संवादांचे गट पडायला लागले. हा प्रयोग सिसिलीतल्या ग्रीकांच्या बोलीतला असावा आणि प्लेटो तिकडे जाऊन आल्यावर त्याच्या जिभेवर बसला असावा, असा डिटेनबर्गरचा अंदाज होता. तो अंदाज सोडून दिला तरी मोजण्याची वाट पक्की झाली. प्लेटोच्या उशिराच्या संवादांचा गट आज अभ्यासक ठामपणे ओळखतात, त्यात या मोजणीचा मोठा वाटा आहे. मोठे शब्द माणूस निवडून वापरतो. छोटे शब्द नकळत येतात, म्हणून ते खोटं बोलत नाहीत.

आणि एका छोट्या शब्दावरून केवढा वाद होऊ शकतो, तेही सांगायला हवं. 'गार' म्हणजे 'कारण'. पण हा 'कारण' दुसऱ्या जागी बसतो, त्यामुळे वाक्य दोनच शब्दांचं असेल तर तो आपोआप शेवटी येतो. नव्या करारातलं मार्कचं शुभवर्तमान सर्वात जुन्या दोन संपूर्ण हस्तलिखितांत (दोन्ही चौथ्या शतकातली) सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओळीला संपतं. कबर रिकामी पाहून स्त्रिया पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत, आणि मग दोन शब्द: एक 'घाबरल्या होत्या' या अर्थाचं क्रियापद, दुसरा 'गार'. संपलं पुस्तक. नंतरच्या बहुतेक हस्तलिखितांत पुढे आणखी बारा ओळी आहेत.

मग प्रश्न असा, की मार्क खरंच तिथे थांबला होता, की शेवटचं पान हरवलं? हरवलं म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा असा होता, की 'गार'ने अख्खं पुस्तक संपूच शकत नाही. १९७२ साली पी. डब्ल्यू. व्हान डर होर्स्ट या डच अभ्यासकाने नेमका हाच प्रश्न घेऊन लेख लिहिला आणि तिसऱ्या शतकातल्या प्लोटायनसचं एक प्रकरण पुढे केलं, जे 'गार'नेच संपतं. यावरही आक्षेप आलेच, कारण ते प्रकरण मुळात एका मोठ्या लेखनाचा तुकडा आहे असं अनेकजण मानतात. म्हणजे पुन्हा कात्रीचाच प्रश्न! वाद अजून मिटलेला नाही. ख्रिस्ती धर्माच्या केंद्रस्थानी असलेल्या गोष्टीचा शेवट भीतीत झाला की भेटीत, याच्या उत्तराचा एक धागा तीन अक्षरी ग्रीक शब्दाला बांधलेला आहे.

मराठी कानाला मात्र तो शेवट तितका विचित्र वाटत नाही. 'कारण'ने वाक्य संपवणं आपल्यालाही जमणार नाही, पण 'बोलल्या नाहीत कुणाला. घाबरल्या होत्या ना!' हे आपण सहज म्हणू. हा प्रश्न मराठीत ज्यांच्या पुढ्यात प्रत्यक्ष आला असेल, अशी एक व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. संस्कृतात वाढलेल्या या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला मूळ भाषांतून बायबलचं मराठी भाषांतर केलं. १९२२ साली त्या गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ साली छापून बाहेर आलं. निपात म्हणजे काय हे ज्यांना लहानपणापासून पाठ होतं, त्यांच्यासमोर ग्रीक निपातांनी भरलेलं पान, आणि ते उतरवायचं साध्यासुध्या बायाबापड्यांच्या मराठीत. ते टेबल, तो कागद मला पाहायला मिळायला हवा होता, असं फार वाटतं.

शब्द असण्याइतकंच त्यांचं नसणंही बोलतं. ग्रीक गद्यात जवळजवळ प्रत्येक वाक्य मागच्याला कशाने तरी बांधलेलं असतं, त्यामुळे बांधणी सुटली की दचकायला होतं. इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्सवर तीस जुलमी सत्ताधाऱ्यांचं राज्य होतं. त्यांनी लिसियसच्या भावाला खटला न चालवता विष प्यायला लावलं. राजवट कोसळल्यावर लिसियस त्या तिसांपैकी एकावर, एराटोस्थेनीसवर, आरोप करायला उभा राहिला. भाषण संपवताना त्याने सगळे जोडशब्द टाकून दिले. ऐकणं, पाहणं, सोसणं अशी क्रियापदं एकामागून एक नुसती ठेवली आणि शेवटी निवाडा मागितला. मध्ये एकही 'आणि' नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची भाषणं लिहून देणाऱ्या माणसाला नेमकं माहीत होतं, की कुठे बांधायचं आणि कुठे मोकळं सोडायचं.

या सगळ्यात मी पुन्हा पुन्हा वळतो ते सॉक्रेटिसच्या खटल्याकडे. इ.स.पू. ३९९. प्लेटोने लिहिलेल्या त्याच्या भाषणाचं पहिलंच वाक्य 'मेन'ने उघडतं. तुमच्यावर आरोप करणाऱ्यांच्या बोलण्याचा काय परिणाम झाला असेल तो असो, हा 'मेन'चा भाग अथेन्सकरांचा. माझं म्हणाल तर, हा 'दे'चा भाग स्वतः सॉक्रेटिसचा. पुढे वाद, टोमणे, निकाल, शिक्षा. आणि भाषणाच्या शेवटच्या वाक्यात ही जोडी परत येते, पण जागा बदलून. आता 'मेन' सॉक्रेटिसकडे, मरायला निघालेल्याकडे. 'दे' अथेन्सकरांकडे, जगायला निघालेल्यांकडे. यातलं बरं कोणाचं, ते मात्र तो सांगत नाही.

ग्रीकमध्ये ते ऐकताना ना मोठा आवाज आहे ना शाप. दोन एकाक्षरी शब्द तराजूच्या दोन पारड्यांसारखे धरलेत. एकात मरण, एकात जगणं, आणि दांडी सरळ. भाषांतरात 'मी मरायला आणि तुम्ही जगायला' एवढं उतरतं, आणि ते चूकही नाही. पण तो हात न थरथरता तराजू कसा धरला होता, ते कळायला 'मेन' आणि 'दे' लागतात. अ‍ॅरिस्टॉटलने ज्यांना स्वतःचा अर्थ नाही म्हटलं, तेच हे दोन शब्द. खडूस अपोलोनियसचंच बरोबर होतं तर!